पुनर्विवाहाची वजावट

माझा थोरला भाऊ ठाण्याला आग्रा रोडवर विटांच्या लॉरीखाली गेला. मंगळवार होता. गिरणीतली पाळी संपली होती. तो सायकलवरून स्टेशनकडे निघाला होता. लॉरी मागून आली. मी सिव्हिल हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्याच्यावर चादर घातली होती.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. कल्याणच्या आमच्या आळीत, माझ्या शाळेत, ठाण्याच्या कोर्टात. त्यापुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. मित्र म्हणावा असा माणूस मला फारसा नव्हताच, पुस्तकं होती. म्हणून तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीने बरं आहे. नावं मी बदलली आहेत. घरातल्या बायकांची अब्रू राहावी म्हणून – नाही. माझी राहावी म्हणून. पाहिलंत? सुरुवातीलाच खोटं लिहायला निघालो होतो.

दादा गिरणीत टाइमकीपर होता. वडील लवकर गेले, तेव्हापासून घर त्याच्यावर. माझं बी.ए., नंतरचं बी.टी., सगळं त्याच्या पगारातून झालं. मी कल्याणच्याच शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायला लागलो, तेव्हा त्याने आळीभर पेढे वाटले. दादा गेला तेव्हा वहिनी तेविशीच्या होत्या. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही.

त्याला लॉरीखाली घालणाऱ्या माणसाबद्दल मला राग होता का? होता. पण तो ड्रायव्हर कोर्टात थरथरत उभा राहिला आणि माझा राग तिथेच विरला. जो राग आजवर गेलेला नाही तो वेगळा आहे. तो एका हिशेबाचा आहे. तो हिशेब तुम्हाला सांगितल्याशिवाय माझं पुढचं कळणार नाही.

लॉरीच्या मालकावर दावा लावायचा असं आमच्या आळीतल्या जोग वकिलांनी सुचवलं. मालक नावाला, खरा पैसा विमा कंपनीचा, आणि तिने मुंबईहून वकील दिला होता. जोगांनी मला ओटीवर बसवून कायदा समजावला. माणूस मेला तर बायको, आईबाप आणि मुलं यांना भरपाई मिळते. भावाला त्या कायद्यात जागा नाही. ज्याला त्याने बापासारखं वाढवलं, तो भाऊ कायद्याच्या लेखी कोणीच नाही. मी फक्त साक्षीदार.

"आणि मास्तर, एक ध्यानात ठेवा," जोग म्हणाले. "कोर्टाच्या दृष्टीने तुमचा दादा गेलेला नाही. त्याचा पगार गेलाय. तेवढाच दाखवायचा."

हिशेब असा असतो. मेलेल्याचा पगार घ्यायचा. त्यातून तो स्वतःवर खर्चत असेल ते वजा करायचं – त्याचं जेवण, कपडे, पास, पानतंबाखू. राहील ते घराचं. ते किती वर्षं मिळत राहिलं असतं याचा अंदाज करायचा. आई म्हातारी, तिची वर्षं थोडी. मग पैसा एकदम हातात पडतो म्हणून वजावट. तो पुढे आजारी पडला असता, नोकरीवरून निघाला असता, दुसऱ्या कशाने मेला असता, त्याची वजावट. आणि बायको तरुण असेल तर ती पुन्हा लग्न करील, तिला दुसरा पोसणारा मिळेल – त्याचीही वजावट. दुःखाला या हिशेबात रकाना नाही. मी विचारलं होतं. मी वर्गात एखाद्या मंद मुलाकडे पाहतो, तसं जोगांनी माझ्याकडे पाहिलं.

आता पहिली गोष्ट. माझ्या अपराधाची नव्हे, त्याच्या तयारीची म्हणा.

दादा स्वतःवर जितका कमी खर्च करीत होता, तितकी रक्कम मोठी. म्हणून मी पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर सांगितलं, की तो विडी-सिगारेट ओढत नव्हता, बाहेर चहा पीत नव्हता, नाटक-सिनेमाला जात नव्हता. दादा! नाटक कंपनी ठाण्याला आली की पुढच्या रांगेची दोन तिकिटं काढून वहिनींना घेऊन जाणारा, परत येताना भर रस्त्यात पदं म्हणणारा, गिरणीच्या फाटकाशी दहा माणसांच्या चहाचे पैसे देणारा. एकेक काढून टाकत गेलो मी. मुंबईचा वकील चष्मा पुसत म्हणाला, "म्हणजे साधूच म्हणायचे की. फक्त पगार घेणारे." कोर्ट हसलं. न्यायाधीशही किंचित हसले. मी हसलो नाही. पण मला तेव्हा काय वाटलं सांगू? वाटलं की आपली साक्ष चांगली चालली आहे.

हे खोटं जाऊ द्या. मेलेल्या माणसाचं त्याने काही बिघडलं नाही. मी इथे रेंगाळतो आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

दावा कोर्टात पडून होता त्या काळात वर्तकमास्तर आमच्याकडे यायला लागले. माझ्याच शाळेत शास्त्र शिकवायचे. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही राहिलं नव्हतं. वहिनींचं शिक्षण लग्नामुळे अर्धवट राहिलं होतं. मॅट्रिकला बाहेरून बसावं असं त्यांच्या मनात आलं आणि गणित शिकवायला मीच वर्तकांना बोलावलं. बाहेरच्या खोलीत, आईच्या देखत शिकवणी चालायची. आई वाती वळत बसायची आणि मधूनच वर्तकांना म्हणायची, "तिला नका रागावू हो, मलाही नाही कळलं ते." वहिनी त्या घरात दादा गेल्यानंतर पहिल्यांदा हसल्या त्या असल्याच कुठल्याशा वाक्याला.

एके दिवशी शाळा सुटल्यावर वर्तक मला काळ्या तलावाकडे घेऊन गेले. मग रीतसर विचारलं – घरातला कर्ता पुरुष म्हणून मला. वहिनींना मागणी घातली. मला आनंद झाला. यात खोटं काही नाही, खरंच झाला. दोन वर्षांपूर्वी मी वाचनालयात पुनर्विवाहावर व्याख्यान दिलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. आता माझ्या घरात तेच घडणार होतं.

मी वहिनींना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून आत गेल्या. दोन दिवसांनी, आई देवळात गेलेली असताना म्हणाल्या, "भावजी, त्यांना हो म्हणा. पण सासूबाईंना तुम्हीच सांगायचं. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

सांगतो म्हणालो.

त्याच आठवड्यात जोगांनी निरोप धाडला की तारीख जवळ आली. त्यांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तेच आपणहून म्हणाले, की आपल्या दाव्यात अडचण एकच, तुमच्या वहिनींचं वय. पलीकडचा वकील त्यावरच बोट ठेवणार. या घरात दुसरं लग्न होणं नाही, हे ठामपणे आलं पाहिजे. आणि ते वहिनींना विचारण्यात अर्थ नाही. बाईमाणसाला भर कोर्टात असं विचारणं बरं दिसत नाही, न्यायाधीशांनाही आवडायचं नाही. ते दिराने सांगावं.

यावर सगळ्यांचं एकमत होतं. आमचा वकील, त्यांचा वकील, न्यायाधीश. सगळे सभ्य लोक. वहिनी वादी होत्या, कोर्टात हजर होत्या, वय आणि लग्नाची तारीख त्यांनी शपथेवर सांगितली. पण त्या पुन्हा लग्न करतील का, हा प्रश्न त्यांना सोडून विचारला गेला. माझा संताप होतो तो इथे. एका बाईच्या उरलेल्या आयुष्याची किंमत काढायला इतकी शहाणी माणसं बसली, आणि तिला विचारणं तेवढं असभ्य ठरलं! कोण असभ्य होतं तिथे?

पण थांबा. मी त्या सभ्य लोकांत होतोच की.

कोर्टात जायच्या आदल्या दिवशी मी वहिनींना आणि वर्तकांना, दोघांनाही सांगून ठेवलं, की मला असं असं बोलावं लागेल. वर्तक म्हणाले, कळतं मला. वहिनींनी एवढंच विचारलं, "केस संपेपर्यंतच ना, भावजी?"

"संपेपर्यंतच."

मग मी पिंजऱ्यात गेलो आणि त्या खर्चाच्या साक्षीनंतर म्हणालो, की आमच्या घराण्यात पुनर्विवाह झालेला नाही, होणार नाही, वहिनींच्या मनातही तसलं काही नाही आणि कोणी मागणीही घातलेली नाही. मुंबईच्या वकिलाने कुठून तरी माहिती काढली होती. त्याने विचारलं, आपणच ना वाचनालयात विधवांनी लग्न करावं म्हणून सांगत होता?

मी म्हणालो, "ते व्याख्यान होतं, साहेब. हे घर आहे."

कोर्टात पुन्हा हशा झाला. या खेपेला माझ्या बाजूने. जोग वकिलांनी मान डोलावली. मला – लिहूनच टाकतो – मला त्या उत्तराचा अभिमान वाटला. मागच्या बाकावर आईशेजारी वहिनी डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. जोगांनी सांगितलं होतं म्हणून फिकट लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांच्याकडे मी पाहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, हाच तुझा अपराध? शपथेवर खोटं बोललास, पण विधवेच्या पैशासाठी, आणि तिला आधी सांगून. इतकी वर्षं मीही स्वतःला हेच सांगत आलो. कायद्यानेच ती पाळी आणली, मी काय करणार? कायदा तसा आहेच. त्याला मी आजही शिव्या देतो. पण माझा अपराध तो नाही.

निकाल लागला. न्यायाधीशांनी पगार धरला, वजावटी केल्या, वर्षं मोजली. दादा साधू होता यावर त्यांचा विश्वास बसला नाही, थोडा खर्च त्यांनी धरलाच. आणि पुनर्विवाहाबद्दल म्हणाले, की दिराची साक्ष लक्षात घेतली तरी विधवा तरुण आहे, शिकते आहे, दिवस बदलत आहेत, ती शक्यता अगदीच नाही असं म्हणता येत नाही. म्हणून वहिनींच्या रकमेतून त्यांनी काही भाग कापला.

त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही म्हणून धुमसत बसलो. जोग हसून म्हणाले, "अहो मास्तर, मिळालं ते पुष्कळ आहे. अपिलाची मुदत जाऊ द्या, पैसे येऊ द्या. मग विषय संपला. पुढं कोणी लग्न केलं न केलं, परत मागायला कोण येतंय?"

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं. मुदत गेली, अपील झालं नाही, पैसे आले. आईचा वाटा लहान, वहिनींचा मोठा. वहिनींनी सगळा माझ्या हवाली केला. म्हणाल्या, तुम्हीच बघा, मला त्यातलं काय कळतं. डोंबिवलीला मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला जमीन स्वस्त होती. नुसतं गवत आणि बाभळी. मी तिथे तुकडा घेतला. जोतं बांधून झालं.

केस संपली होती. आता कोणाचीच आडकाठी नव्हती. न्यायाधीशाची नाही, विमा कंपनीची नाही. आईची? आईला मी अजून सांगितलंच नव्हतं. आई गेली तोपर्यंत मला कळलं नाही, ती काय म्हणाली असती. कदाचित रडली असती आणि हो म्हणाली असती. वर्तक तिला आवडायचे.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघेच होतो. वर्तक पेपर तपासत होते. त्यांनी विचारलं, आता बोलायचं ना घरी?

मी म्हणालो, "वहिनींचं मन नाही राहिलं."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "त्या स्वतः म्हणाल्या?"

"स्वतः."

त्यानंतर ते शिकवणीला आले नाहीत. चार-सहा दिवसांनी वहिनींनी मला विचारलं, वर्तकमास्तर आजारी आहेत का? मी सांगितलं की नाही, त्यांचं दुसरीकडे ठरतं आहे. आधी सांगूनही कोर्टातलं माझं बोलणं त्यांनी मनाला लावून घेतलं, असंही काहीबाही जोडलं. वहिनी म्हणाल्या, "हो का." मग म्हणाल्या, "पान वाढू?"

मॅट्रिकला त्या बसल्या नाहीत. पुस्तकं बांधून मला परत केली.

का केलं मी हे? मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे आणि दर खेपेला वेगळं उत्तर दिलं आहे. कधी म्हटलं, आईसाठी. म्हातारपणी तिचं कोण करणार? कधी म्हटलं, कोर्टात शपथेवर बोललेला मास्तर तोंडघशी पडेल, आळीत लोक हसतील, शाळेत कुजबुज होईल. यातलं दुसरं खरं आहे, पण तेही पुरतं खरं नाही. जोतं तयार होतं. भिंती वहिनींच्या पैशातून उभ्या राहायच्या होत्या. त्या वर्तकांच्या घरी गेल्या असत्या तर त्यांचा पैसा त्यांच्याबरोबर गेला असता, आणि मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो असतो. एवढंच ते. पुस्तकं वाचलेल्या माणसाच्या मनात याहून काही खोल असेल असं मला वाटायचं. नव्हतं.

आणि त्या न्यायाधीशावर मी रागावलो होतो! त्याने दादाला पगार करून टाकलं, दुःखाला रकाना ठेवला नाही, सगळं खरं. पण त्या रुक्ष माणसाने, ज्याने वहिनींचं नावही नीट उच्चारलं नसेल, त्यांच्या पुन्हा संसार करण्याची काही एक शक्यता धरली होती. रुपयांत धरली होती, त्यांच्याकडून कापून घेऊन धरली होती, पण धरली होती. ती शून्यावर आणली मी. वजावट वहिनींनी सोसली आणि ज्याची वजावट झाली ते त्यांना मिळू दिलं नाही. दोन्हीकडून लुटलं. विमा कंपनीने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने. कंपनीने निदान पावती दिली.

वर्तकांनी पुढे लग्न केलं आणि नाशिकला बदलून गेले. माझंही लग्न झालं, डोंबिवलीच्या घरात. मंगलाष्टकं चालली तेव्हा वहिनी आत जिलब्यांची ताटं भरत होत्या, कारण विधवेने पुढे यायचं नसतं. तेव्हाही मी काही बोललो नाही. वाचनालयात बोललो होतो ना.

या वर्षी आई गेली. दहाव्यानंतर वर्तक समाचाराला आले. बरोबर त्यांची बायको होती, साधी, हसरी बाई. वहिनींनी पाणी आणून दिलं. जायची वेळ झाली तेव्हा वर्तक वहिनींना म्हणाले, अगदी सहज, जुनं काही उरलं नाही हे दाखवायला म्हणतात तसं, "तुम्ही नाही म्हणालात त्याचा मला कधी राग नव्हता बरं का. परीक्षा मात्र द्यायला हवी होती."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. वर्तकांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बायकोला काही कळलं नाही, ती चपला शोधत होती.

मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. वर्तकांनी फाटक स्वतःच लावून घेतलं आणि ते निघून गेले. परत आलो तेव्हा वहिनी भांडी विसळत होत्या. मी दारात उभा राहिलो. त्या क्षणी सांगता आलं असतं. त्यांनी वळून पाहिलं नाही आणि मी बाहेरच्या खोलीत येऊन वर्तमानपत्र उघडलं.

त्यांनी मला आजवर विचारलेलं नाही. विचारतील असं वाटत नाही. मीही त्यांना सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगितलं. यातला भित्रेपणाही तुम्ही ओळखलाच असेल.

वहिनी आता तेहतीस वर्षांच्या आहेत. माझ्या मुलाला न्हाऊ-माखू घालतात, स्वयंपाक करतात, आणि मी घरात आलो की मागच्या अंगणात जाऊन बसतात. घर माझ्या नावावर आहे.